कडुलिंबाच्या बारा फळ्या

"मिस्त्री, हे तुझं पीक बरं का," असं म्हणत लालासाहेबांनी भुशाच्या ढिगावर हात थोपटला आणि स्वतःच्याच विनोदावर खुशीत हसले. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. वीटभट्टीवाल्याची माणसं पोत्यांत भुसा भरत होती, तीही हसली. आऱ्यावर ओंडका लावणारा गुंडा हसला, आणि सवयीनं बुद्धभूषणही हसला. मालक हसले की हसायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तोंड आपलं आपणच फाकायचं. हसता हसता भाकरीचा घास दाढेखाली करकरला. भुसा. सांगलीतल्या या सॉ मिलमध्ये तो पंधरा वर्षं पट्ट्यांना धार लावत होता आणि या पंधरा वर्षांत भुसा लागला नाही असा एकही घास त्यानं खाल्ला नसेल. नाकात भुसा, कानात भुसा, पापण्यांच्या मुळाशी भुसा. कधी काही वाटलं नव्हतं. पण आज तो घास पुढं सरकेना. जीभ त्याला या गालातून त्या गालात ढकलत राहिली. लालासाहेब नुकतेच चूळ भरून आले होते, त्यांचा तळवा ओला होता, आणि थोपटल्यामुळं त्या तळव्याला, अंगठीच्या कडेला, बोटांच्या बेचक्यांत पिवळा भुसा चिकटून बसला होता. त्यांनी तो हात पांढऱ्या विजारीला पुसला. बुद्धभूषण उठला, भिंतीकडं गेला आणि घास थुंकला. अन्न थुंकायचं नाही असं आईनं लहानपणी दोन चापट्या देऊन शिकवलं होतं. थुंकलेल्याकडं त्यानं बघितलंसुद्धा, आणि पायानं त्यावर भुसा ओढला.

धारेच्या खोलीत येऊन तो स्टुलावर बसला. माझं पीक. मालक काही खोटं बोलले नव्हते, तीच तर पंचाईत होती. पट्टा म्हणजे काय, तर चार बोटं रुंद पोलादाचं एक भलंमोठं कडं, एका काठाला दात असलेलं, दोन चाकांवर ताणून फिरवलेलं. त्याचे दात नुसते धारदार असून भागत नाही. एक दात केसभर डावीकडं वळवावा लागतो, पुढचा केसभर उजवीकडं, म्हणजे काप पट्ट्याच्या जाडीपेक्षा जरा रुंद पडतो आणि पट्टा लाकडात न घासता मोकळा फिरतो. या वळवण्याला मिलमध्ये फाक म्हणतात. फाक कमी पडली तर पट्टा घासतो, तापतो आणि भरकटतो. जास्त झाली तर काप उगाच रुंद होतो आणि तेवढं लाकूड भुसा होऊन खाली पडतं. आणि सगळीकडची रीत अशी की ओंडका गिऱ्हाइकाचा, फळ्या गिऱ्हाइकाच्या, पण भुसा मिलचा, वीटभट्टीला विकायचा. भुशाबद्दल कुणी विचारत नाही. केस कापून घेतल्यावर न्हाव्याकडं कुणी केस मागत नाही, तसंच. आता दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की शाळेतलं पोरही सांगेल काय ते. बुद्धभूषण दहावी पास होता. त्यानं त्या दोन गोष्टी पंधरा वर्षं शेजारी ठेवल्या नव्हत्या.

खरं तर ठेवल्या नव्हत्या असंही नाही. जवळ येऊ दिल्या नव्हत्या. तो पहिल्यांदा इथं आला तेव्हा एक म्हातारे मिस्त्री होते, एका कानानं बहिरे, दुसऱ्या कानानं पट्टा ऐकायचे. त्यांनी त्याला हातचिमट्यानं दात वळवायला शिकवलं. फाक मोजायला त्यांच्याकडं पोस्टकार्ड होतं. पट्ट्याच्या अंगाला सपाट पट्टी लावायची, दाताच्या टोकाशी फटीत पोस्टकार्ड सरकवायचं. एक कार्ड अडकलं तर वाळल्या सागाला बरोबर, त्यावर अर्धं आणखी मावलं तर ओल्या लाकडाला बरोबर. त्याच्यावर गेलास तर लाकूड मारतोयस, ते म्हणायचे. म्हातारे गेले, खोलीची किल्ली बुद्धभूषणकडं आली, आणि महिन्याभरात लालासाहेब दारात उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, जरा सैल ठेव फाक. ओली लाकडं येत्यात, पट्टा अडकाया नगं." किती साधं वाक्य. त्यात अर्धं खरं होतं. ओल्या लाकडाला फाक जास्त लागतेच. त्यानं जरा सैल ठेवली. मग वाळल्या लाकडालाही तीच राहिली, कारण पट्टा कोण पुन्हा पुन्हा बदलणार. मग दोन कार्डं मावायला लागली. मग कार्डच कुठंतरी हरवलं. अर्धं खरं असलेलं वाक्य माणसाच्या किती कामाला येतं, आणि ते किती वर्षं टिकतं, याचा विचार करून त्याला आत्ता स्वतःच्या अंगाची शिसारी आली.

आणि त्या बदल्यात काय मिळालं होतं? पगार मिळत होता, तो कामाचा. वर काही नाही. वर मिळाला होता चहा. लालासाहेबांच्या मिलमध्ये बाकीच्या हमालांना चहा पेल्यांतून यायचा. मिस्त्रीला मात्र मालकांसारखाच कपबशीतून. पहिल्या दिवशी ती कपबशी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. गावात आजही चावडीसमोरच्या हॉटेलात आपल्या वस्तीच्या म्हाताऱ्यांना काचेचा पेला स्वतः विसळून ठेवावा लागल्याचं आठवतं, आणि आपण मालकाच्या जोडीला बशीत ओतून पितोय. घरी जाऊन त्यानं बायकोला, प्रियदर्शनीला, ते सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. आता त्या कपाचा कान, त्याच्यावरची सोनेरी रेघ, बशीत सांडलेल्या चहावर तरंगणारा भुसा हे सगळं डोळ्यांसमोर आलं आणि त्याला वाटलं, त्या कपापेक्षा पेला विसळणं काय वाईट होतं. विसळलेल्या पेल्यात निदान कुणी काही मागत नव्हतं.

हातानं काम होतं तोवर एक सोय होती. हात म्हणजे हात, कमीजास्त व्हायचंच. ती सोय त्यानं स्वतःच्याच हातानं घालवली, दोन वर्षांपूर्वी. खंडाळ्याजवळ एक मिल बंद पडली होती, तिथली यंत्रं विकायची होती. लालासाहेबांनी त्याला जीपमध्ये पुढं बसवून नेलं. "तू पसंत करशील ती घ्यायची. वापरनार तू," म्हणाले. आयुष्यात कुणी त्याला असं म्हटलं नव्हतं. लग्नात मुलगीसुद्धा वडिलांनी पसंत केली होती. त्यानं तिथं अख्खा दिवस लावला. धार लावायची दोन यंत्रं होती. एकाचा दगड फक्त दाताच्या पुढच्या अंगाला घासायचा. वरवर लखलखीत दिसायचं, पण दोन दातांमधली खोबण हळूहळू उथळ होत जायची आणि भुसा साठायला जागा उरायची नाही. दुसऱ्याचा दगड दातावरून उतरून खोबणीच्या तळापर्यंत जायचा आणि पुढचा दात चढायचा. आवाज मोठा, यंत्र कळकट, पण खरं. त्यानं ते निवडलं. फाक पाडायचीही दोन होती. एक डोळ्याच्या अंदाजानं स्क्रू फिरवायचं, एका बाजूचंच. दुसऱ्याला दोन्ही अंगांना दोन बोटं होती आणि वर घड्याळासारखी तबकडी. काटा ठेवाल तिथं प्रत्येक दात वळणार, पहिला तसा शेवटचा. त्यानं एक तुकडा लावून बघितला. काटा वीसवर ठेवला, दहा दात वळवले, मोजले. वीस. दहाच्या दहा वीस. हातचिमट्यानं जन्मात असं जमलं नसतं. त्याला भरून आलं. म्हातारे मिस्त्री असते तर, असं वाटलं. परत येताना त्यानं ती तबकडी कापडात गुंडाळून मांडीवर घेतली होती.

यंत्र बसलं त्या दिवशी लालासाहेब खोलीत आले, काट्याकडं बघितलं, आणि तर्जनीनं तो सरकवत सरकवत बत्तीसवर आणून सोडला. "हितं ऱ्हाऊंदे," एवढंच म्हणाले. तेव्हा ओल्या लाकडाचा विषयही निघाला नाही, पट्टा अडकण्याचाही नाही. अर्धं खरं असलेलं वाक्यसुद्धा त्यांना आता लागलं नव्हतं. आणि बुद्धभूषण काय म्हणाला? बुद्धभूषण म्हणाला, "बरं." बत्तीस. ओल्यात ओल्या लाकडाला पंचवीस पुरे. वीस आणि बत्तीसमधला फरक डोळ्याला दिसत नाही, बोटालाही नीट लागत नाही, पण तीन ओंडके कापले की त्यातली एक फळी भुशात असते. दोन वर्षं तो रोज सकाळी तबकडी पुसायचा. स्वच्छ, कोरड्या फडक्यानं. काटा बत्तीसवर आणि काच लख्ख.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं प्रियदर्शनीला डोक्यावर पाणी घालायला सांगितलं. मोरीत उकिडवा बसला. ती तांब्यानं पाणी ओतत होती आणि केसांतून भुसा निघून मोरीच्या जाळीपाशी जमा होत होता, पिवळा, मऊ, फुगत चाललेला. "आज लयच हाय," ती म्हणाली. तिनं नखांनी डोकं खरवडलं. तिसऱ्या तांब्यालाही निघाला, पाचव्यालाही. त्यानं मान खाली घालूनच तिला सगळं सांगितलं. वर बघून सांगता आलं नसतं. मालकांचा विनोद, फाक, वीस, बत्तीस. ती पाणी ओतायची थांबली. तिला आकडे कळले नसावेत, पण एवढं कळलं. "मंग आपल्या वस्तीची मान्सं आनत्यात ती लाकडं?" तिनं विचारलं. "त्येस्नी बी बत्तीसच?" पाणी नाकावरून ओठांवर उतरत होतं. तो म्हणाला, "पट्टा एकच अस्तो, प्रिया." उरलेलं पाणी प्रियदर्शनीनं त्याच्या डोक्यावर न ओतता मोरीच्या जाळीवर ओतलं, भुसा ढकलायला, आणि टॉवेल देऊन आत गेली. जेवताना ती मुलांशी बोलली, त्याच्याशी नाही. त्यालाही ते बरोबरच वाटलं. वस्तीच्या घरांचे वासे त्याला एकेक करून आठवत होते. तासगावजवळच्या त्याच्या गावातली वस्ती, चाळीसेक घरं. गेल्या पंधरा वर्षांत ज्यानं ज्यानं म्हणून छपराचं पत्र्याचं घर केलं, दार बसवलं, माळा घातला, त्यानं लाकूड सांगलीला आणलं होतं. तासगावला मिल होती, जवळ होती. तरी सांगलीला. तिथं आपला भूषण हाय, म्हणायचे. ते यायचे, जयभीम घालायचे, ओंडका आऱ्यावर चढला की धारेच्या खोलीच्या दारात येऊन बसायचे, आणि आपल्याच माणसानं धार लावलेला पट्टा आपल्याच लाकडातून जाताना कौतुकानं बघायचे. त्यांच्या त्या बघण्याची आठवण सगळ्यात घाण होती.

बरोबर आठ दिवसांनी यल्लाप्पातात्या आले. तात्या म्हणजे त्याच्या वडिलांचे चुलतभाऊ, वस्तीतले सगळ्यात जाणते. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले देव नदीला नेऊन सोडणाऱ्यांत ते पहिले होते आणि तेव्हापासून वस्तीचा कुठलाही निर्णय त्यांच्या अंगणातल्या बैठकीत होत आलेला. पाच माणसं, भाड्याचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत कडुलिंबाचं खोड. वस्तीच्या तोंडाशी असलेला तो लिंब. बुद्धभूषण त्याच्यावरून दोनदा पडला होता. पावसाळ्याच्या आधी वाऱ्यानं आडवा झाला, तेव्हा बैठकीत ठरलं की सरपणाला तोडायचा नाही, नव्या विहाराला त्याचं दार करायचं. दसऱ्याच्या आत दार बसवून उद्घाटन. "सुतारानं मापलंय," तात्या म्हणाले. "चौकोनी केला की तेरा इंच भरतोय. इंचाच्या बारा फळ्या बसत्यात. दाराच्या दोन झडपांना बारा बरोबर लागत्यात. एक बी कमी चालायची न्हाई गड्या, दुसरा लिंब कुठला आनायचा?" बुद्धभूषणनं मनातच हिशेब केला. तो त्याला करावाही लागला नाही. वीस-बाविसावर बारा बसतात, काठोकाठ. बत्तीसवर बसत नाहीत. बारावी फळी अर्ध्या-पाऊण इंचाची पातळ निघते, पाट करायच्या लायकीची. त्यानं मान डोलावली. "उद्या सकाळी या. पट्टा ताजा लावून ठेवतो," तो म्हणाला.

ते गेल्यावर त्यानं खोलीचं दार आतून लावून घेतलं. लालासाहेब मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेले होते. त्यानं एक नवा पट्टा काढला, आणि त्या दोन-तीन तासांत त्याला पंधरा वर्षांत वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं. काट्यावर बोट ठेवलं, बत्तीसवरून मागं आणलं. अठ्ठावीस. चोवीस. वीस. तिथं थांबायला हवं होतं. खरं तर बाविसावरच थांबायला हवं होतं. लिंब ओला होता, चिकट होता, पावसात भिजत पडलेला. म्हातारे मिस्त्री असते तर दीड कार्ड म्हणाले असते. हे सगळं त्याला माहीत होतं. माहीत असूनही त्याचं बोट थांबेना. बत्तीसची इतकी घाण वाटत होती की वीससुद्धा तिच्या शेजारचंच वाटलं. त्यानं काटा सोळावर नेला. सोळा! वाळल्या, जुन्या सागालाही कोणी सोळा ठेवत नाही. त्याला वाटलं, बारा भरून वर एक पातळ तेरावी निघेल. उरलेली फळी तात्यांच्या हातात ठेवायची आणि काही बोलायचं नाही. पंधरा वर्षं एकीकडं आणि ही एक फळी एकीकडं. मोठ्या माणसाचं इतकं पोरकट गणित असतं, आणि ते पोरकट आहे हे त्याला आत कुठंतरी कळत असतं. दात एकेक करून वळत गेले. मग धारेचं यंत्र सुरू केलं. दगड दातावरून उतरत होता, खोबणीत जात होता, वर चढत होता. पाण्याची धार सोडलेली, एकही दात तापून निळा पडू दिला नाही. इतकी सुंदर धार त्यानं आयुष्यात लावली नव्हती. नखावर ठेवला तर दात घसरत नव्हता.

सकाळी गुंडानं पट्टा चढवला. गुंडा या आऱ्यावर वीस वर्षांचा जुना, बोलणं कमी, पण हाताला सगळं कळायचं. त्यानं पट्ट्याच्या काठावरून अंगठा फिरवला आणि बुद्धभूषणकडं बघितलं. "ओला लिंब हाय, मिस्त्री," तो म्हणाला. बुद्धभूषण म्हणाला, "लाव तू." बाजूच्या साली उतरल्या त्या ठीक उतरल्या, काप उथळ होते. तात्या आणि बाकीचे नेहमीसारखे खोलीच्या दारात येऊन बसले होते. तेरा इंचाचा चौकोन ओंडका पुढं नेणाऱ्या गाड्यावर आडवा झाला आणि पहिला खोल काप सुरू झाला. चार हात गेल्यावर आवाज बदलला. बाहेरच्या कुणाला कळला नसता. आधी सरळ कापताना येतो तो एकसुरी सुस्कारा, मग त्यात एक बारीक किरकिर, दाढ दुखताना माणूस तोंड मिटून करतो तशी. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना लिंबाचा चीक बसत होता. फाकच नव्हती तर भुसा निघणार कुठून. तो कापात दाबून बसायला लागला, पट्टा तापला, आणि तापलेला पट्टा सैल पडून डावीकडं पोट काढायला लागला. कडू भुसा हवेत पसरला. सगळ्यांच्या घशात कडवट उतरलं, तात्या खोकले, धोतराचा सोगा तोंडाला लावला. बुद्धभूषणनं थांबवायला हात वर करायला हवा होता. त्यानं केला नाही. पहिली फळी पडली, दुसरी पडली, तिसरी पडली. गुंडानं तिसरी उचलून कडेवर धरली आणि एक डोळा मिटून बघितलं. फळी मध्ये बोटभर फुगलेली, टोकाला हडकुळी, पोट आलेल्या माणसासारखी. रंधा मारून ती सरळ करायची म्हटली तर अर्धी उरणार. त्याची सगळी चांगुलपणाची हौस तिथं त्या फळीवर लाटा होऊन दिसत होती. बत्तीसनं खाल्लं असतं त्यापेक्षा या सोळानं जास्त खाल्लं होतं. बुद्धभूषणच्या तोंडात कडू पाणी सुटलं, आणि ते कडू लिंबाचं आहे की स्वतःचं, हे शोधायच्या आत तो ते गिळून बसला.

आवाज ऐकून लालासाहेब ऑफिसातून आले. आरा बंद करायला लावला, पट्ट्याजवळ तळवा नेला आणि झटकन मागं घेतला. ते तडक धारेच्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा शांत होता. "सोळा," ते हळूच म्हणाले, फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच. "लय शाना झालास व्हय रं?" मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पट्टा खराब निघाला. हुतं कवा कवा. गुंडा, दुसरा चढव." भिंतीवरचा दुसरा पट्टा बत्तीसचा होता. गुंडानं तो चढवला. आणि तो काय सुरेख गेला! लोण्यातून सुरी जावी तसा. फळीमागून फळी, सरळ, गुळगुळीत, काठाला काठ लागलेली, आणि खाली भुशाचा पिवळा ढीग वाढत गेला. वस्तीच्या माणसांच्या जिवात जीव आला. एकानं तर म्हटलंसुद्धा, "मालक आलं म्हनून बरं झालं, न्हाईतर काय खरं नव्हतं." लालासाहेबांनी चहा सांगितला. कपबशीतून, सगळ्यांना. बुद्धभूषणनं घेतला नाही, पोट बिघडलंय म्हणाला.

मोजल्या तेव्हा चांगल्या आठ फळ्या भरल्या. आठ आणि त्या तीन. एका झडपेला पुरतील, दुसरीला पुरत नव्हत्या. माणसं ट्रॉलीत फळ्या रचत होती आणि तात्या दोरी बांधत होते. बुद्धभूषण त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. आता बोललो नाही तर मग कधीच नाही, हे त्याला एखादा आजार कळावा तसं स्पष्ट कळलं.

"तात्या, पयल्या तीन माझ्यामुळं गेल्या. पट्टा खराब नव्हता. मी फाक कमी ठेवली."

"असूंदे रं. माणसाच्या हातनं हुतंय."

"न्हाई, आयका. नंतरचा पट्टा तुमी बघितला न्हवं? त्येची फाक जास्तीची हाय. मुद्दाम ठेवल्याली. येवढी कुठल्याच लाकडाला लागत न्हाई. जास्तीचं लाकूड भुशात जातंय, आन् भुसा मिलचा." त्याचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "आजवर वस्तीनं आनल्यालं समदं लाकूड मी असंच कापलंय. तुमच्या माळ्याच्या फळ्या बी. पंधरा वर्सं."

तात्यांचे हात थांबले नाहीत. दोरी त्यांनी ट्रॉलीच्या कडीतून ओवून घेतली.

"ठाव हाय की," ते म्हणाले.

"काय ठाव हाय?"

"आमी काय आंधळं हाय व्हय? सुताराला कळत न्हाई व्हय? तासगावच्या मिलमदी तीन वंडक्यामागं एक फळी जास्त निगती, ही समद्या वस्तीला ठाव हाय. सात-आठ सालं झाली. बैठकीत इषय बी निगाला हुता." त्यांनी त्याच्याकडं बघितलं, अगदी मायेनं. "मी म्हनलं, जाऊंदे. तितं आपलं पोरगं मिस्त्री हाय. येवढ्या थोरल्या मिलमदी आपल्यातलं पयलं. मालक त्यातलं कायतरी त्येच्या हातावर टेकवत असंलच. गेली तर गेली एक फळी, आपल्याच पोराच्या घरात जातीया. समद्यांनी मान डोलावली. म्हनून तर येतो आमी हितं, वाकडी वाट करून."

बुद्धभूषणचा घसा कडू होता, अजूनही. सात-आठ वर्षं चाळीस घरांनी आपापल्या छपरातली, दारातली, माळ्यातली एकेक फळी जाणूनबुजून त्याच्यासाठी सोडली होती. वर्गणीसारखी. आणि ती त्याच्या घरात आली नव्हती. एकही नाही. ती वीटभट्टीत जळली होती. त्यानं त्यांना लुटलं होतं आणि स्वतःला काहीच घेतलं नव्हतं, आणि या दोहोंतलं दुसरं जास्त किळसवाणं आहे हे त्याला आत्ता, या ट्रॉलीशी उभं असताना कळत होतं. चोराला निदान पोट असतं. "मला काय मिळत न्हाई, तात्या," एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. ते ऐकल्यावर या म्हाताऱ्याच्या तोंडावर काय येईल ते त्याला दिसलं, आणि परत गेल्यावर अंगणातल्या बैठकीत तो काय सांगेल तेही दिसलं.

तात्यांचे हात आता थांबले होते. त्याचं गप्प राहणं त्यांना कुठंतरी खटकलं असावं. ते जवळ आले आणि दबक्या आवाजात, इतरांना कळू नये म्हणून ट्रॉलीकडं पाठ करून, त्यांनी विचारलं, "देतोय न्हवं रं तुला कायतरी?"

"व्हय," बुद्धभूषण म्हणाला. "देत्यात की."

"किती का आसंना?"

"बरं देत्यात."

"मंग झालं," तात्या म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्याच्या खांद्यावरचा भुसा हातानं झटकला आणि ट्रॅक्टरवाल्याला निघायला सांगितलं.